हात गेला, पण सातबारावर नाव नव्हते



ज्वारीची काढणी उरकली की आपल्याकडे कडबा कुट्टी यंत्रे दिवसरात्र घरघरायला लागतात. मार्च २०२४ मधली गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या एका गावी संध्याकाळच्या वेळी एक सून जनावरांसाठी कुट्टी करत होती. लाईट दिवसभर नव्हती, सहाला आली. पेंढी आत सारताना बांगडीत धाट अडकले, आणि मोटार बंद करायला दुसरे कोणी पोहोचेपर्यंत उजवा हात मनगटापर्यंत गेला. वय २९. पदरात दोन लेकरे.

विसाव्या दिवशी तिचे सासरे माझ्याकडे पंचायत समितीत आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. म्हणाले, "साहेब, शेतकऱ्याच्या अपघाताचे सरकार लाखभर देतं म्हणतात. सुनेचं करायचंय." मी सातबारा मागितला. पाच एकर रान, खातेदार एकटे तेच. मुलाचे नाव नाही, सुनेचे तर नाहीच. मी कागद खाली ठेवला आणि त्यांना पाणी दिले, कारण पुढे काय सांगायचे ते मला कळून चुकले होते.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना तुम्ही ऐकून असाल. आधी ही विमा योजना होती. कंपनीकडे प्रस्ताव जायचा आणि त्रुटी काढून परत यायचा, यात वारस थकून जात. एप्रिल २०२३ पासून मध्ये विमा कंपनी राहिली नाही, शासन स्वतः अनुदान देते. अपघाती मृत्यू झाला, किंवा दोन डोळे, दोन अवयव, अथवा एक डोळा आणि एक अवयव कायमचा निकामी झाला तर २ लाख रुपये. एक डोळा किंवा एक अवयव गेला तर १ लाख. कोष्टक एवढेच आहे, बोटांचा वेगळा दर त्यात नाही. वय १० ते ७५ असावे लागते. रस्त्यावरचा अपघात, विजेचा धक्का, वीज पडणे, सर्पदंश, विंचूदंश, औषध फवारताना विषबाधा, उंचावरून पडणे, पाण्यात बुडणे, जनावराने मारणे हे सगळे यात येते. आपली मळणी यंत्रे आणि कुट्टी यंत्रेही 'इतर अपघात' म्हणून येतात. आत्महत्येचा प्रयत्न, दारूच्या नशेतला अपघात आणि आधीपासूनचे अपंगत्व यात बसत नाही.

आता माणूस कोण बसतो ते पाहा, कारण गाडी इथेच अडते. एक, ज्याचे नाव सातबारावर वहितीधारक खातेदार म्हणून आहे तो. दुसरा, त्याच्या कुटुंबातला खातेदार नसलेला कोणताही एक जण, आणि तो कोण याची यादी ठरलेली आहे: आई, वडील, नवरा किंवा बायको, मुलगा, अविवाहित मुलगी. ही यादी मी त्या दिवशी सासऱ्यांना वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली. सून नाही. लग्न झालेली मुलगी नाही. भाऊ नाही.

"रान तिनंच कसलंय साहेब. खुरपणी तिची, धारा तिच्या. मग ती शेतकरी न्हाई का?"

मला उत्तर देता आले नाही. मी नियम सांगितला, पण नियम हे काही उत्तर नव्हे. नवरा खातेदार असता तर ती त्याची बायको म्हणून बसली असती आणि १ लाख रुपये मिळाले असते. अपघाताच्या दिवशी कागदावर कोण होते ते पाहतात. नंतर नाव लावून उपयोग होत नाही.

यातली माझी चूकही सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी त्याच गावात आम्ही फवारणीची काळजी कशी घ्यावी याचे शिबिर घेतले होते. नाकाला रुमाल, हातमोजे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, हे सगळे सांगितले. अपघात योजनेचे भित्तिपत्रकही चावडीवर लावले. पण 'तुमच्या घरात यात कोण बसतो ते आज सातबारा काढून बघा' हे एक वाक्य मी बोललो नाही. भित्तिपत्रकावर 'शेतकरी व कुटुंबातील सदस्य' असे लिहिले होते. सासऱ्यांनी ते वाचून सून कुटुंबातच धरली होती, आणि कोणीही धरील.

म्हणून हा लेख. आज रात्री जेवण झाल्यावर घरातला सातबारा काढा. नसेल तर संगणकावरचा उतारा सेतू केंद्रातून काढून घ्या. त्यावर कोणाची नावे आहेत, आणि रानात यंत्रावर, मोटारीवर, गोठ्यात प्रत्यक्ष राबणारे कोण आहेत, हे ताडून बघा. बहुतेक घरांत तीन प्रकारचा घोळ सापडेल.

पहिला, वडील वारून पाच-सात वर्षे झाली आणि वारसनोंद नाही. अशा घरात मुलगा खातेदार नाही, आणि हयात खातेदाराचा मुलगाही नाही, म्हणजे दोन्हीकडून बाहेर. तलाठ्याकडे (कागदावर आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारसाचा अर्ज द्या. याला पैसा फारसा लागत नाही, लागतो तो भावाभावांचा एकविचार. तो नसेल तर निदान नावे तरी लागू द्या, वाटणीचे भांडण नंतर करा.

दुसरा घोळ वरच्या घरासारखा. बाप हयात, मुलगा चाळिशीचा, सगळे रान मुलगा आणि सून कसतात, पण नाव बापाचे एकट्याचे. वडिलोपार्जित जमीन असेल आणि सर्वांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. म्हाताऱ्यांना भीती वाटते की नाव गेले तर पोरे विचारणार नाहीत. भीती खोटी नाही, मी असली घरे पाहिली आहेत. पण सगळे रान द्या असे कोण म्हणतो? स्वतःच्या नावावर ठेवून थोडे मुलाच्या नावे करता येते. तुकडेबंदीची अडचण येते का ते आधी तलाठ्याला विचारा. काही जण विचारतात, पी.एम. किसानचा हप्ता बंद होईल का? वडिलांच्या नावे जमीन राहिली तर त्यांचा हप्ता त्यांना चालू राहतो. मुलाला मात्र १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेल्या जमिनीवर नवा हप्ता मिळत नाही. वारसाने आलेल्या जमिनीचा नियम वेगळा आहे. वर्षाचे ६ हजार आणि हाताचे १ लाख, हिशेब तुम्हीच करा.

तिसरा, नवरा खातेदार आहे पण बायको नाही. इथे बायको निदान यादीत तरी आहे. पण लक्षात घ्या, खातेदार सोडून कुटुंबातला एकच माणूस या योजनेत बसतो, असे मिळून दोन. त्याच घरात मुलाला आधी लाभ झाला असेल तर बायको राहून जाईल. यावर जुना आणि सोपा उपाय म्हणजे लक्ष्मी मुक्ती योजना. १९९२ पासून आहे. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज दिला की बायकोचे नाव सातबारावर सहहिस्सेदार म्हणून लागते. शेतकरी संघटनेच्या चळवळीच्या दिवसांत गावेच्या गावे यात उतरली होती. आता किती तलाठ्यांना हा अर्ज आठवतो कोण जाणे, पण नियम आहे. अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या.

आता अपघात झालाच तर काय करायचे. मुदत ३० दिवसांची आहे, आणि त्यातले पहिले पंधरा दवाखान्यातच जातात. म्हणून दवाखान्यात पळणारा एक माणूस आणि कागदाला पळणारा दुसरा, अशी वाटणी घरात पहिल्याच दिवशी करा.

कागदांतली पहिली गोची दवाखान्यातच होते. पोलिसांचे झंझट नको म्हणून नातेवाईक डॉक्टरला 'जिन्यावरून पडला', 'गाडीवरून घसरला' असे सांगतात. केसपेपरवर तेच चढते. पुढे प्रस्तावात मळणी यंत्र आणि केसपेपरवर जिना! तपासणारा माणूस कितीही चांगला असला तरी तो काय करणार? खरे कारण, तारीख आणि वेळ पहिल्या कागदावर लिहून घ्या. खासगी दवाखाना असला तरी.

दुसरी गोष्ट पंचनाम्याची. यंत्राचा अपघात आपल्याच गोठ्यात झालेला, तक्रार कोणाविरुद्ध करायची, म्हणून लोक पोलीस ठाण्याची पायरी चढत नाहीत. तक्रार कोणाविरुद्ध नसते, घटनेची नोंद असते. प्रथम माहिती अहवाल, स्थळ पंचनामा किंवा पोलीस पाटलांचा माहिती अहवाल यापैकी कागद लागतो. पोलीस पाटलांनो, हे वाचत असाल तर तुमचा एक कागद किती मोलाचा आहे ते ओळखा. शेजारच्या गावात सोयाबीन मळताना एका शेतकऱ्याचा डावा हात कोपरापासून गेला. पोलीस पाटील दुसऱ्या दिवशी सकाळी जागेवर गेले, यंत्र हलवू दिले नाही, चार माणसांसमोर लिहून घेतले. तो प्रस्ताव कुठेही अडला नाही.

सोबत सातबारा, वयासाठी आधार कार्ड किंवा शाळा सोडल्याचा दाखला, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स, आणि अपंगत्वाच्या कारणाचा डॉक्टरांचा अंतिम दाखला. या दाखल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्राची किंवा सरकारी दवाखान्याची प्रतिसही हवी आणि अवयव कायमचा निकामी झाल्याचे त्यात स्पष्ट हवे. 'हाताला दुखापत' असे मोघम लिहिलेले असेल तर परत करून नीट लिहून घ्या. मृत्यूचे प्रकरण असेल तर मृत्यूचा दाखला आणि गाव नमुना ६-क ची वारसनोंद. हे सगळे तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचे. अर्ज कागदावर घेतात की संगणकावर भरायचा, हे त्या दिवशी तिथेच विचारा. एखादा कागद कमी असला तरी मुदतीच्या आत अर्ज देऊन पोच घ्यावी, हे माझे मत. 'सगळं जमल्यावर देतो' म्हणणारे बत्तिसाव्या दिवशी येतात. पुढे महसूल, पोलीस आणि कृषी खात्याचे पथक जागा पाहून ८ दिवसांत तहसीलदारांना अहवाल देते, आणि तहसीलदारांच्या समितीने ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो. अपघातासाठी शासनाच्या दुसऱ्या खात्याकडून लाभ घेतला असेल तर इथे मिळत नाही, तेव्हा ते लपवू नका.

पासबुकात मे-जूनच्या सुमारास २० रुपये कापलेले दिसतात का तेही बघा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. १८ ते ७० वयाच्या खातेदाराचा एक हात, पाय किंवा डोळा गेला तर तिचे १ लाख असतात, आणि तिला सातबारा लागत नाही. त्या सुनेचे जनधन खाते होते, पण खात्यात शिल्लक नसल्याने त्या वर्षी २० रुपये कापलेच गेले नव्हते. वीस रुपये!

मग त्या सुनेला काहीच मिळाले नाही का? मिळाले, पण वेगळ्या दाराने. अनेकांना वाटते की अपघाताचे अनुदान आणि अपंगाचा पगार एकच. तसे नाही. अनुदान एकदाच आणि कृषी खात्याकडून. दरमहाचे पैसे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे, ते तहसील कचेरीतून, आणि त्याला खातेदार असण्याची अट नाही.

त्यासाठी आधी दिव्यांग प्रमाणपत्र लागते. (गावात आपण अपंगच म्हणतो, कागदावर दिव्यांग शोधा.) २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत, १९९५ च्या कायद्यात ७ होते. म्हणजे हातपाय आणि डोळेच नव्हे, तर सिकलसेल, थॅलेसेमिया, मानसिक आजार, कुष्ठरोगातून बरे झालेले हेही त्यात येतात. अर्ज केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर भरायचा. सेतूवाला भरून देतो. फोटो, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो. मग आपल्या जिल्ह्यातल्या ठरलेल्या सरकारी रुग्णालयात ठरलेल्या दिवशी जायचे. जाण्याआधी कोणत्या वारी कोणते डॉक्टर बसतात ते विचारून घ्या. हाडाचे डॉक्टर नसलेल्या दिवशी हात दाखवायला गेलात तर एस.टी.चे भाडे आणि मजुरी दोन्ही बुडाले. जखम पुरती भरल्याशिवाय जाऊ नका आणि जुने सगळे केसपेपर न्या.

प्रमाणपत्रावर टक्केवारी असते आणि सारे काही ४० वर अडलेले आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच बहुतेक सवलती. आमच्या त्या सुनेला ६० टक्के मिळाले. दुसऱ्या एका गड्याचा अंगठा गेला होता, त्याला ३० मिळाले. तो माझ्याशी भांडायला आला, "अंगठ्याबिगर खुरपं धरून दाखवा." खरे आहे त्याचे. टक्के शरीराचे मोजतात, कामाचे मोजत नाहीत. टक्केवारी पटली नाही तर फेरतपासणीचा अर्ज करता येतो. पण 'टक्के वाढवून देतो' म्हणणारा दलाल रुग्णालयाच्या फाटकावर भेटला तर त्याच्या चहालाही जाऊ नका. प्रमाणपत्राला पैसे पडत नाहीत, आणि खोटे प्रमाणपत्र हा गुन्हा आहे.

संजय गांधी योजनेला वय १८ ते ६५, ४० टक्के अपंगत्व, राज्यात १५ वर्षांचे वास्तव्य आणि दिव्यांगासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत, अशा अटी आहेत. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. अनुदान जुलै २०२३ पासून महिना १५०० रुपये होते, दिव्यांगांसाठी ते ऑक्टोबर २०२५ पासून २५०० झाले आहे. पैसे थेट बँकेत येतात, म्हणून खात्याला आधार जोडलेले हवे. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा राहिला की पैसे बंद होतात आणि माणूस कचेरीला शिव्या देत बसतो. एस.टी.च्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते, तिलाही ओळखपत्र लागते.

सुनेचा उत्पन्नाचा दाखला ४२ हजारांचा निघाला. तरी प्रकरण मंजूर व्हायला सात महिने लागले. तीन वेळा कागद परत आला. एकदा तर नावातल्या वेलांटीसाठी! आधारवर एक, दाखल्यावर दुसरी. तुमच्या घरातली नावे आधार, सातबारा, पासबुक आणि शाळेचा दाखला या चारही ठिकाणी एकसारखी आहेत का, हे धडधाकट असतानाच बघून ठेवा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (ग्रामसेवक म्हणायची सवय जायला वेळ लागेल) एक सांगणे आहे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. २०१८ च्या आधी तो ३ टक्के होता. पुष्कळ ठिकाणी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चार जणांना बोलावून, फोटो काढून तो वाटला जातो. रक्कम लहान असते, मान्य आहे. पण गावात कोण दिव्यांग आहे, त्याचे प्रमाणपत्र निघाले का, त्यावर मुदत लिहिली आहे का, पगार चालू आहे का, एवढी वही तुम्ही ठेवलीत तर वर्षभराचे काम होते. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर मुदत संपल्यावर पगार थांबतो आणि त्या माणसाला ते बँकेत गेल्यावरच कळते. जिल्ह्याच्या रुग्णालयात जायला गाडी नाही म्हणून ज्यांचे प्रमाणपत्र राहिले आहे, अशा चार-पाच जणांना एक जीप करून नेणे हाही त्या निधीचा चांगला उपयोग ठरेल. ठराव कसा लिहायचा हे गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून घ्या.

त्या घरी मी गेल्या महिन्यात गेलो होतो. सासऱ्यांनी दीड एकर मुलाच्या नावे केले आणि मुलाने लक्ष्मी मुक्तीत बायकोचे नाव लावले. फेरफार मंजूर आहे. कुट्टी यंत्र अजून तेच आहे, फक्त तोंडाला लांब पत्र्याचे नळकांडे बसवले आहे आणि बटण हाताजवळ आणले आहे. लोहाराकडे असे नळकांडे हजार-बाराशेत बसते. धाकटी जाऊ कुट्टी करते. तिचे नाव कशावरच नाही. तिचा नवरा पुण्याला कंपनीत आहे आणि रान सासऱ्यांच्याच नावे आहे. सासऱ्यांना तेवढे म्हणालो. "पुढच्या महिन्यात त्याला बोलावतो," म्हणाले.

दर सोमवारी बाजाराच्या दिवशी मी पंचायत समितीच्या कृषी विभागात दुपारपर्यंत असतो. सातबारा आणि असतील ते कागद घेऊन या. नावे कशी लावायची ते कागद पाहूनच सांगता येईल, फोनवर सांगता येत नाही.